रुक्मिणीच्या पदांमागचे उस्ताद

नाट्यपदांतील प्रेमगीतांची एक मैफल नुकतीच ऐकली. गायिका तयारीची. ‘मानापमान’मधील (१९११) भामिनीची पदे तिने छान रंगवली, गोविंदराव टेंब्यांनी त्या चालींत आणलेला पूरबी ठुमरीचा नखरा तिच्या गळ्यात सहज उतरतो. पण ‘स्वयंवर’ (१९१६) सुरू झाले आणि तानांचा पाऊस पडू लागला. कृष्णाची ओढ लागलेली रुक्मिणी त्यात पार भिजून गेली. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांत तान असतेच, पण ती शब्दाला बिलगून येते. समोर कुणीतरी आहे, त्याच्याशी बोलणे चालले आहे, असे वाटते.

निवेदकाने खाडिलकर, भास्करबुवा बखले, बालगंधर्व ही नावे आदराने घेतली. घ्यायलाच हवीत. पण भास्करबुवांच्या झोळीत हे सूर आले कुठून? फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ हे त्यांचे गुरू. ‘स्वयंवर’च्या कितीतरी चाली ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेल्या आहेत. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष. यांपैकी एकाचेही नाव अडीच तासांत आले नाही. सारंगीही नव्हती, तिच्या जागी सिंथेसायझर. आपल्या मुलांना हे गाणे परके वाटते, त्याला अशी निवेदनेही थोडी जबाबदार आहेत.

भैरवीपूर्वी एका संथ पदात गायिकेने तान आवरली आणि रुक्मिणी क्षणभर दिसली. तेवढ्यासाठी तिची पुढची मैफल मी ऐकीन. निवेदकाला मात्र आधी चिठ्ठी पाठवायची आहे.