मोरबे धरणाचे हस्तांतरण : हक्क आणि दायित्व यांची चिकित्सा

प्रस्तावना :
१९९२ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबई महानगरपालिकेने खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरील मोरबे धरण २००२ मध्ये महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले. प्रतिदिन ४५० दशलक्ष लिटर क्षमतेच्या या योजनेमुळे स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महानगरपालिका असा तिचा लौकिक झाला. तो रास्तच आहे. तथापि या व्यवहाराची चर्चा बहुधा पाण्याच्या उपलब्धतेपुरतीच राहते. हक्कांबरोबर कर्तव्ये कोणाकडे गेली, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो.

विवेचन :
करारातील हक्क आणि दायित्व यांत कायदा भेद करतो. खर्डा कंपनी विरुद्ध रेमन या खटल्यात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला आहे. करारातील लाभ, तो वैयक्तिक स्वरूपाचा नसल्यास आणि करारातच मनाई नसल्यास, दुसऱ्यास देता येतो. दायित्व मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय झटकता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार जुन्या कराराच्या जागी नवा करार आणण्यासही पक्षांची सहमती लागते.

शासकीय संस्थांमधील व्यवहारात हे तत्त्व अधिक कसोटीला लागते. ठेकेदाराजवळ वकील असतो, पतपुरवठादाराजवळ तारण असते. जमीन गमावलेला शेतकरी हस्तांतरणाच्या दस्तऐवजात पक्षच नसतो. त्याचे पुनर्वसनाचे हक्क मुळात कायद्यातून येतात. दोन संस्थांच्या आपसातील करारामुळे ते कमी होत नाहीत. व्यवहारात मात्र जुनी संस्था 'धरण आता आमचे नाही' म्हणते आणि नवी संस्था 'संपादन आम्ही केले नाही' असे सांगू शकते. मोरबेच्या प्रकल्पग्रस्तांना नोकरी व भूखंडांच्या मागण्यांसाठी पुढेही आंदोलने करावी लागली, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

महानगरपालिकेच्या बाजूनेही एक युक्तिवाद संभवतो : तिने मोबदला देऊन धरण घेतले, मग जुन्या थकबाकीचा भार शहरातील करदात्याने का सोसावा? परंतु ज्या पाण्याचा लाभ शहर घेते, ते साठवण्यासाठीच ती जमीन गेली. लाभ घेणाऱ्याने भारही उचलावा, हे न्यायतत्त्व येथे लागू पडते.

निष्कर्ष :
कर्जत तालुक्यातील कोंढाणे प्रकल्पही पुढे सिडकोकडे सोपवण्यात आला. अशा प्रत्येक व्यवहारात दायित्वांची स्वतंत्र अनुसूची जोडणे, प्रकल्पग्रस्तांची बाजू आधी ऐकणे आणि नव्या संस्थेने कर्तव्य न पाळल्यास जुनीस जबाबदार धरणे आवश्यक ठरते. अन्यथा पाणी शहराकडे येईल आणि प्रश्न मात्र गावातच राहील.