काचेचे राजवैभव : प्राचीन इजिप्तमधील जडावकाम आणि तेरचे मणी

प्रस्तावना :
प्राचीन इजिप्तच्या कलेवरील लेखनात काचेच्या जडावकामाचा उल्लेख बहुधा रत्नांच्या यादीनंतर आणि काहीशा संकोचाने येतो. लाजवर्द, पिरोजा, तांबडा अकीक यांची ‘नक्कल’ म्हणून काच वापरली गेली, एवढ्यावर विषय संपविला जातो. हे मूल्यमापन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजचिन्हे आणि काच :
1922 मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील सुवर्णमुखवटा या दृष्टीने बोलका आहे. मुखवट्याच्या भुवया व पापण्यांच्या कडा अस्सल लाजवर्दाच्या आहेत. राजशिरोवस्त्राचे निळे पट्टे मात्र काचेचे आहेत. याच राजाची सर्वांत आतली शवपेटी सुमारे 110 किलो सोन्याची आहे. तेव्हा काच वापरण्यामागे दारिद्र्य होते, असे म्हणता येत नाही. बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या लाजवर्दात पांढरे व सोनेरी ठिपके असतात. लांब, सलग, एकरंगी पट्टी त्यातून काढणे कठीण. काचेने कारागिराला रंगाची एकसंधता दिली. सोन्याच्या पातळ भिंतींनी आखलेल्या घरात नेमके कापलेले तुकडे बसविण्याचे हे काम आपल्याकडील कोंदणाच्या कामाशी नाते सांगते.

काचेच्या प्रतिष्ठेचे पुरावे अन्यत्रही आहेत. तिसऱ्या थुतमोसच्या काळापासून, म्हणजे इसवी सनपूर्व पंधराव्या शतकापासून, इजिप्तमध्ये काचकाम स्थिरावले. अमार्ना येथील पत्रव्यवहारात अश्कलोनच्या मांडलिकाने फेरोच्या आज्ञेनुसार काच पाठविल्याचे नमूद आहे. नकली वस्तू मांडलिकाकडून कोण मागवील? तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या उलुबुरुन जहाजात काचेच्या सुमारे 175 लाद्या सापडल्या, त्या तांबे-कथिलाच्या मालासोबत.

राजचिन्हांचा अर्थही येथे पाहावा लागतो. फेरोच्या हातातील आकडीचा दंड मूळचा मेंढपाळाचा. ‘राज्य करणे’ या अर्थाचा शब्द त्याच्याच चित्राने लिहिला जाई. (धनगराच्या काठीचे मोल जाणणाऱ्या वाचकाला याचे नवल वाटू नये.) साध्या वस्तूला राजपद मिळते ते तिच्या द्रव्याच्या किमतीमुळे नव्हे, संकेतामुळे. मराठी घरात याचे उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते. मंगळसूत्रातील काळी पोत परंपरेने काचेची, वाट्या सोन्याच्या. हिरवा चुडाही काचेचाच. त्यांना कोणी ‘खोटे’ म्हणत नाही. मग इजिप्तच्या काचेला हा न्याय का नाही?

तेरचा संदर्भ :
हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातील अभ्यासकांना दूरचा नाही. ज्या तेरणेवर माकणी येथे निम्न तेरणा धरण आहे, तिच्याच वरच्या काठी तेर, म्हणजेच प्राचीन तगर वसले आहे. ही ओळख फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडली. इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भरुचपासून वीस दिवसांवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर असल्याचे सांगितले आहे. तगरहून जाडेभरडे कापड व मलमल भरुचला जाई. भरुचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काचही आहे.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहणाऱ्यांची नजर हस्तिदंती स्त्रीप्रतिमेवर खिळते. 1938 मध्ये पाँपेई येथे मिळालेल्या प्रतिमेशी तिचे साम्य प्रसिद्धच आहे. काचेचे मणी मात्र दुर्लक्षित राहतात, किंवा मग सरसकट ‘रोमन’ ठरविले जातात. पहिली भूमिका अन्यायाची आहे, तर दुसरी उतावळेपणाची. यादीत कच्ची काच आहे एवढ्यावरून तेरचे मणी तिचेच, असे सिद्ध होत नाही. रोमन काळातील इजिप्तची काच नॅट्रॉन या खनिज क्षारापासून होई आणि तिच्यात ॲल्युमिना कमी असे. भारतात घडलेल्या बऱ्याच काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण जास्त आढळते. हा भेद डोळ्यांना दिसत नाही, रासायनिक पृथक्करणातच कळतो. काही मणी आयात काचेचे निघतील, काही दख्खनच्याच भट्टीतले. आणि दुसऱ्या गटातील मण्यांमुळे तेरच्या कारागिराची योग्यता पहिल्याहून अधिक स्पष्ट होईल.