शाळेच्या दारावर कोणता पहारेकरी?

संगणक-खोलीचा विषय निघाला की शिक्षक मित्र आम्हाला हमखास विचारतात : सर्वांत सुरक्षित मुक्तस्रोत प्रणाली कोणती? आमच्या मते प्रश्नच अपुरा आहे. ती कोठे, कोणाच्या हाती आणि किती वर्षे चालणार, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

वाशिम जिल्ह्यातील मानोरा किंवा रिसोडकडची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणू. पंधरा-वीस संगणक, महाजालाची एक जोडणी, अडगळीतला एक जुना संगणक आणि बेभरवशाची वीज. त्या जुन्या संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवून त्याला दारावर उभे केले की झाली फायरवॉल. आत-बाहेर जाणारे माहितीचे प्रत्येक पाकीट ती नियमांशी ताडून पाहते आणि सोडते किंवा अडवते.

जाणकार येथे ओपनबीएसडीचे नाव घेतात. ही प्रणाली थिओ द राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून वेगळी काढली. २००१ मध्ये तिच्यात आलेली 'पीएफ' ही चाळणी (भविष्यनिर्वाह निधीशी संबंध नाही!) खरोखर सुरेख आहे; 'आधी सगळे अडवा, मग एवढेच सोडा' हे तिच्यात जवळजवळ वाक्यासारखे लिहिता येते. मात्र मूळ मांडणीत इतक्या वर्षांत दूरून घुसता येण्याजोगी दोनच भगदाडे सापडली, या तिच्या दाव्याने हुरळून जाऊ नये. मूळ मांडणीत बहुतेक सेवा बंदच असतात. आपण वेब-सेवा वा टपाल-सेवा बसवली की दाव्याची हद्द संपते. फायरवॉलला हे चालते, सर्व्हरला नाही.

दुसरी अडचण विजेची. ओपनबीएसडीच्या फाइल-व्यवस्थेत नोंदवही, म्हणजे जर्नल, नाही. वीज अचानक गेली तर पुन्हा सुरू होताना सारी डिस्क तपासावी लागते. कधी ती मध्येच थांबून माणसाला हाक मारते, आणि सकाळच्या पहिल्या तासाला ते माणूस जागेवर असेलच असे नाही. शिवाय दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि अलीकडच्या दोनच आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. एक उन्हाळी सुटी चुकली की पहारेकरी उघडा पडला.

तीच पीएफ चाळणी फ्रीबीएसडीवर बसवलेली 'ओपीएनसेन्स' आम्हाला म्हणून अधिक सोयीची वाटते. नियम ब्राउझरच्या पानावर भरता येतात. झेडएफएस ही तिची फाइल-व्यवस्था नवी नोंद पूर्ण झाल्याशिवाय जुनी पुसत नाही. पण तिला ६४ बिटांचे यंत्र हवे. अडगळीतला संगणक ३२ बिटांचा निघाला तर ओपनबीएसडीकडेच वळावे लागेल, आणि मग यूपीएसचा खर्च धरावा.

सर्व्हरसाठी काही जण सी-डॅकच्या 'बॉस'चा आग्रह धरतात. २००७ पासूनची ही प्रणाली मराठीत चालते, विद्यार्थ्यांच्या मेजावर ती जरूर असावी. पण ती डेबियनवर उभी आहे. दुरुस्ती तेथून निघून आपल्यापर्यंत येताना आणखी एका हातातून जाते. सर्व्हरवर मग मूळ डेबियनच का नको?

डेबियनची स्थिर आवृत्ती जुनाट असते, ही तक्रार खरी आहे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या संकोचन-साधनात लपवलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडला, तोही दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना. तो डेबियनच्या चाचणी-शाखांत पोहोचला होता. स्थिर आवृत्तीत नव्हता. उलट सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असे धरून बसलेल्यांना डिसेंबर २०२० मध्ये कळले की तो २०२१ अखेरच संपणार. निर्णय रेड हॅट या कंपनीच्या हाती होता. डेबियनची मालकी कोणत्याही कंपनीकडे नाही, आणि तिच्या एका आवृत्तीला सुमारे पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. तेवढ्यात संगणक-खोली सांभाळणाऱ्या शिक्षकांची बदली झालेली असण्याची शक्यता बरीच. म्हणून नियमांची छापील प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात असू द्यावी.