तीन प्यादी कुठून आली?

मागच्या वेळी आपण मॉर्फीचा पॅरिसच्या ऑपेरातला १८५८ चा डाव पाहिला. तिथे पटाचा मध्य मोकळा झाला आणि उंट, हत्ती, वजीर धावत सुटले. सतरा चालींत मात. आजचा डाव याच्या उलट आहे. इथे प्यादीच हल्ला करतात, मोठ्या मोहऱ्या त्यांच्या चाकरीला.

१८३४, लंडन. फ्रान्सचा ला बूर्दोने आणि बेलफास्टचा मॅकडोनेल त्या वर्षी एकमेकांशी ८५ डाव खेळले. त्यांतला हा बासष्टावा. पांढऱ्या मोहऱ्या मॅकडोनेलकडे. शेवटचं चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलं असेलच. काळ्याची तीन प्यादी डी२, ई२, एफ२ वर, खांद्याला खांदा लावून. हे चित्र छापायचं, 'चमत्कार' म्हणायचं आणि पुढे जायचं, अशी आपल्याकडे रीतच झाली आहे. माझी तक्रार तिच्याबद्दल आहे. चित्र सुंदर आहे, वादच नाही. पण डाव फिरला कुठे, हे त्यातून कळत नाही.

पाचव्या चालीत पांढरा सी६ वरचा घोडा मारतो. साधी अदलाबदल, असं वाटतं. पण उलट मारताना काळ्याचं बी७ चं प्यादं मध्याकडे सरकतं. बाराव्या चालीत मॅकडोनेल ई-प्याद्याने डी५ वर मारतो, आणि काळ्याचं तेच प्यादं पुन्हा मारून डी५ वर येतं. आता मोजा बरं. मध्यात काळ्याची दोन प्यादी, पांढऱ्याचं एकही नाही. आपल्या हाताने घालवलं!

तरीही डाव गेलेला नव्हता, असं माझं मत आहे. काळ्याची प्यादी डी४, ई५ वर. त्यांना थोपवायची घरं दोनच, डी३ आणि ई४. पांढऱ्याचा घोडा ई४ वर ठाण मांडून बसला, मागे सी२ वर उंट पहाऱ्याला. विसाव्या चालीत काळ्याने एफ५ खेळून घोड्याला डिवचलं. मॅकडोनेलने काय केलं? वजिराने शह दिला, आणि लगेच तोच पहाऱ्यावरचा उंट ए४ वर नेला, कारण तिथून ई८ वरचा हत्ती मिळतो. हत्ती दिसला की भल्याभल्यांना मोह आवरत नाही हो! ला बूर्दोने हत्ती वाचवतच नाही. वजीर सी६ वरून थेट एच६ वर. ई३ ची वाट मोकळी. पांढऱ्याने हत्ती घेतला, काळ्याने घोडा. हिशेबात पांढरा पुढे, पण पहारेकरी दोन्ही गेले. घोडा मेला, उंट आठव्या ओळीत जाऊन बसला. अठ्ठाविसाव्या चालीत डी३, तिसाव्या चालीत ई४. अडवणार कोण?

पांढऱ्याचंही एक प्यादं डी७ पर्यंत पोचलं होतं. एकटंच होतं, डी८ वर एक उंट बसवला, काम झालं. छत्तिसाव्या चालीत काळा हत्तीच्या बदल्यात वजीर देऊन टाकतो. त्याला टाळ्या पडतात, पडू देत. पुढच्या चालीला ई२, आणि पांढऱ्याने डाव सोडला.

आता ती तीन प्यादी परत बघा. ई२ वरचं मूळचं ई७ चं. एफ२ वरचं एफ७ चं, वाटेत ई४ वर घोडा मारून आलेलं. आणि डी२ वरचं? ते डी७ चं नाहीच. ते बी७ चं आहे, मॅकडोनेलने पाचव्या चालीत घोडा मारला नसता तर कदाचित तिथेच बसून राहिलं असतं.