तातडीने खाली येण्याचा धडा

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले, की कधी कधी चिकलठाणा विमानतळाकडे निघालेले विमान दिसते. शेजारच्या घरातला बारावीचा विद्यार्थी ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहतो. त्याला वैमानिक व्हायचे आहे. प्रशिक्षण बारामतीला घ्यावे की गोंदियाला, धुळ्याला की जळगावला, याची घरात चौकशी चालू आहे. मध्यंतरी त्याने आमच्या हाती छापील पानांचा एक गठ्ठा ठेवला आणि म्हणाला, "सर, हा धडा पाठ झाला, पण कळला नाही."

गठ्ठा होता अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने प्रसिद्ध केलेल्या 'एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक'मधला. हे पुस्तक फुकट मिळते आणि आपल्याकडचे प्रशिक्षणार्थीही ते वाचतात. २०२१च्या आवृत्तीतल्या अठराव्या प्रकरणात 'इमर्जन्सी डिसेंट' असा एक छोटा भाग आहे. मराठीत याला काय म्हणावे? विमान 'उतरले' म्हटले की ते धावपट्टीवर टेकले असाच अर्थ आपण घेतो. त्यामुळे वर्तमानपत्रांत खाली येणे आणि जमिनीवर उतरणे यांची सरमिसळ होते, आणि शिस्तीत खाली आणलेले विमानही मथळ्यात 'कोसळते'. आम्ही संगीतातला शब्द उसना घेऊन याला 'तातडीचा अवरोह' म्हणतो. विमानाला आग लागली, किंवा खूप उंचावर असताना केबिनमधला हवेचा दाब गेला, तर शक्य तितक्या लवकर खालच्या उंचीवर यायचे. पण विमान न मोडता.

धडा वाईट लिहिलेला नाही, हे आधी सांगतो. इंजिनाची शक्ती कमीत कमी करा, निर्मात्याने सांगितले असेल त्याप्रमाणे चाके आणि फ्लॅप बाहेर काढा, विमान ३० ते ४५ अंश कलवून वळणात खाली या, वेगाच्या मर्यादा ओलांडू नका, पुरेशी उंची हाती असतानाच विमान सरळ करा. एकही वाक्य फाजील नाही. सरावात हा अवरोह फार लांबवू नका, नाहीतर इंजिनाचे सिलिंडर एकदम थंड पडतात, अशी सूचनाही आहे. आगीच्या बाबतीत तर लेखक दोन्ही बाजू मांडतात: जास्त वेगाने आग विझू शकते, पण आगीने कमकुवत झालेल्या सांगाड्यावर तोच वेग ताण आणतो. पाठ्यपुस्तकात असा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

आमची तक्रार वेगळी आहे. हा धडा हातांना शिकवतो. 'का' आणि 'केव्हा' हे दोन प्रश्न मात्र तो बहुतेक शिक्षकावर सोडतो.

'का'पासून सुरुवात करू. त्या मुलाला आम्ही विचारले, विमानाचे नाक खाली केले की पटकन खाली येता येतेच, मग एवढा खटाटोप कशाला? त्याला उत्तर देता आले नाही. अकरावीचे भौतिकशास्त्र त्याला येते, पण ते इथे लागते हे पुस्तकाच्या त्या पानाने सुचवले नव्हते. उंची म्हणजे साठवलेली ऊर्जा. प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२एस या विमानाचे पूर्ण भारासह वजन सुमारे १,१५७ किलोग्रॅम असते. ते १,००० मीटर खाली आले तर सुमारे १ कोटी १३ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. घरच्या विजेच्या बिलाच्या भाषेत तीन युनिटांहून थोडी जास्त. तीन युनिट म्हणजे फार नाही असे वाटेल. पण वेग न वाढवता एका मिनिटात १,००० मीटर खाली यायचे, तर ही ऊर्जा त्याच मिनिटात हवेच्या विरोधाने गिळली पाहिजे. त्याची शक्ती काढली तर ती सुमारे अडीचशे अश्वशक्ती भरते. या विमानाचे इंजिनच मुळी १८० अश्वशक्तीचे आहे!

गिळली नाही तर? तर ती वेगात जाते. समजा विमान १०० नॉट वेगाने, म्हणजे तासाला १८५ किलोमीटरने चालले आहे आणि हवेचा विरोध अजिबात नाही. वेगाची लाल रेघ १६३ नॉटवर, म्हणजे तासाला सुमारे ३०२ किलोमीटरवर आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे साधे समीकरण मांडा. फक्त सव्वादोनशे मीटर खाली येताच काटा त्या रेघेला टेकतो. हवेचा विरोध असतोच, म्हणून प्रत्यक्षात एवढ्या लवकर टेकत नाही. पण हा आकडा एकदा फळ्यावर मांडला, की धड्यातली प्रत्येक सूचना बोलू लागते. शक्ती कमी का करायची? इंजिनाने आणखी ऊर्जा घालू नये म्हणून, आणि हवेने फिरणारा पंखा ब्रेकचे काम करावा म्हणून. फ्लॅप कशाला? विरोध वाढवायला. पण पूर्ण फ्लॅप ८५ नॉटच्या वर चालत नाहीत. म्हणजे एकतर फ्लॅप काढून हळू या, नाहीतर फ्लॅप न काढता वेगाने या. कोणते बरे, हे विमानागणिक बदलते. 'निर्मात्याचे ऐका' या कोरड्या सूचनेमागे हा तिढा आहे.

विमान कलवण्याचे कारणही असेच आहे. सरळ उडताना नाक एकदम खाली ढकलले, तर माणसे पट्ट्यात तरंगतात. विमान कलवले की उचल तिरकी होते, तिचा उभा भाग कमी पडतो आणि नाक आपोआप खाली झुकते. शिवाय वळणात खाली कोण आहे आणि शेत कुठे आहे हे दिसते.

सगळ्यात धोक्याचा क्षण शेवटचा. खाली आलेले विमान सरळ करताना ते वर्तुळाच्या तळाशी असते. त्रिज्या २०० मीटर धरा. वेग १२० नॉट असेल तर पंखांवर वजनाच्या सुमारे २.९ पट भार येतो, १५० नॉट असेल तर ४ पटींहून किंचित जास्त. फ्लॅप मिटलेले असताना या विमानाची मर्यादा ३.८ पट आहे. वेग सव्वापट झाला आणि सुरक्षित विमान मर्यादेबाहेर गेले. केंद्रगामी बलाचे गणित याहून जिवंत करणारे उदाहरण आम्हांला आठवत नाही. गंमत अशी की याच पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात उंची आणि वेग यांचा ऊर्जेच्या अंगाने चांगला विचार केला आहे. चौथे प्रकरण आणि अठरावे प्रकरण यांची गाठ मात्र विद्यार्थ्याने स्वतः घालायची.

आता 'केव्हा'. आमच्या मते खरी उणीव इथे आहे. सरावात प्रशिक्षक म्हणतो, "आग लागली," आणि विद्यार्थी ठरलेल्या हालचाली सुरू करतो. म्हणजे प्रश्नातच उत्तर आले. आपल्या परीक्षेतही 'बॉइलचा नियम वापरून काढा' असे लिहिलेले असते, आणि तो नियम वापरायचा हे ओळखण्याचे कष्ट वाचतात. आकाशात नियमाचे नाव कोणी सांगत नाही.

याची किंमत मोठ्या विमानांनी दाखवली आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस कंपनीच्या बोईंग ७३७ मध्ये दाब नियंत्रणाची कळ चुकीच्या जागी राहिली होती. धोक्याचा भोंगा वाजला, पण तोच आवाज उड्डाणापूर्वीच्या एका वेगळ्या चुकीसाठीही असल्याने वैमानिकांनी तो तसा समजला. विमान वर चढतच राहिले, वैमानिक बेशुद्ध झाले आणि १२१ जण गेले. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात १६६ प्रवासी होते. केबिनमध्ये दाब राखण्यासाठी इंजिनाची हवा घेणारी कळ सुरू करायची राहून गेली. मुखवटे खाली आले, अनेकांच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान मुंबईला परतले. दोन्ही ठिकाणी खाली येण्याची कला कोणाला येत नव्हती असे नाही. काय झाले आहे हे वेळेत कळणे, हा प्रश्न होता. ३५,००० फुटांवर दाब गेला तर माणूस शहाण्यासारखा वागू शकतो तो फार तर अर्धा ते एक मिनिट. म्हणून तिथे आधी स्वतःचा मुखवटा, मग बाकी सगळे.

लहान विमानात ओळखण्याची चूक दुसऱ्या बाजूनेही होऊ शकते. इंजिन नुसते बंद पडले आणि आग नाही, तर उंची ही एकमेव शिल्लक असते. ती पैशासारखी जपून खर्च करायची. आग असेल तर तीच उंची गळ्यातला धोंडा. वायर जळल्याचा वास आला तर आधी मुख्य स्विच बंद. तिन्ही प्रसंग घाबरवणारे आहेत आणि तिन्हींत हात एकाच खटक्याकडे धावतात. म्हणून सरावात प्रशिक्षकाने 'आग' हा शब्द न उच्चारता फक्त लक्षणे सांगावीत, आणि काही वेळा लक्षणे अशी द्यावीत की खाली न येणे हेच बरोबर उत्तर ठरेल. याला खर्च काही नाही. भौतिकशास्त्राच्या तासालाही हा खेळ विमानाशिवाय खेळता येतो. आम्ही तो गच्चीवर खेळलो.

खेळाच्या शेवटी आम्ही त्या मुलाला विचारले, जमिनीपासून १,५०० फुटांवर विमान सरळ करायचे, तर उंचीमापकाचा काटा कुठे असेल? त्याने वहीत १,५०० लिहिले. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच आहे आणि काटा समुद्रसपाटीपासून मोजतो, एवढेच आम्ही म्हणालो. त्याने आकडा खोडला, ३,४०० लिहिला, आणि थोड्या वेळाने विचारले, "सर, आणि दौलताबादच्या किल्ल्यावर असलो तर?" तो हिशेब सध्या त्याच्या वहीत चालू आहे.