नृत्यकलावंत आणि नृत्यशिक्षक : प्रशिक्षण व उपजीविकेची समीक्षा
(विशेष संदर्भ : छत्रपती संभाजीनगर परिसर)

प्रस्तावना

कोणत्याही कलेचे भवितव्य जसे कलावंतांवर तसेच ती कला शिकविणाऱ्यांवरही अवलंबून असते. नृत्याच्या क्षेत्रात या दोन्ही भूमिका बहुधा एकाच व्यक्तीला पार पाडाव्या लागतात. रंगमंचीय प्रयोगांचे उत्पन्न अनिश्चित असते. वर्गाचे शुल्क मात्र दरमहा मिळते. त्यामुळे नृत्य शिकलेली व्यक्ती लवकरच शिक्षक होते. परंतु तिच्या प्रशिक्षणात अध्यापनाला फारसे स्थान नसते. कलावंत घडविला जातो. शिक्षक गृहीत धरला जातो. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

परंपरेची व्यापक दृष्टी

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या सातव्या म्हणजे नर्तनाध्यायात अंगविक्षेपांच्या वर्णनाबरोबरच पात्र, आचार्य आणि नर्तक यांची लक्षणे दिली आहेत. एवढेच नव्हे, तर कसरतींत निपुण असलेल्या कोल्हाटिकालाही त्याच अध्यायात स्थान आहे. नर्तन करणारा, शिकविणारा आणि लोकांपुढे कसब दाखविणारा हे तिघेही शास्त्रकाराला एकाच विषयाचे घटक वाटले, ही बाब महत्त्वाची आहे. आजच्या व्यवस्थेने या तिघांची परस्परांपासून फारकत केली आहे.

परीक्षापद्धतीच्या मर्यादा

महाराष्ट्रात नृत्यशिक्षणाचा प्रसार करण्याचे मोठे श्रेय अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना द्यावे लागेल. प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या पायऱ्यांमुळे लहान गावातील विद्यार्थ्यालाही निश्चित अभ्यासक्रम मिळाला. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यावर या परीक्षांकडील ओढा वाढणे स्वाभाविक होते. तथापि विद्यार्थ्याने किती आत्मसात केले, एवढेच परीक्षा सांगते. तो नवी रचना करू शकेल काय, किंवा आठ वर्षांच्या मुलाच्या शरीराला इजा न करता त्याला शिकवू शकेल काय, या प्रश्नांचे उत्तर प्रमाणपत्रात नसते. तरीही वर्ग उघडताना हेच प्रमाणपत्र भिंतीवर लावले जाते.

अध्यापन आणि सर्जन यांची सांगड

रोहिणी भाटे (१९२४-२००८) यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ची स्थापना केली. कथकचे अध्यापन, नृत्यरचना आणि लेखन ही कामे त्यांनी आयुष्यभर एकत्र केली. पाश्चात्त्य आधुनिक नृत्याच्या प्रवर्तक इझाडोरा डंकन यांचे आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणले, यावरून त्यांच्या जिज्ञासेची व्याप्ती लक्षात येते. समकालीन नृत्यात अस्ताद देबू (१९४७-२०२०) यांचे उदाहरण तितकेच बोलके आहे. कथक आणि कथकली या दोन्हींचे शिक्षण घेतलेल्या देबूंनी कर्णबधिर कलावंतांबरोबर दीर्घकाळ काम केले. ऐकू न येणाऱ्या नर्तकाला लय कशी द्यावी, हा अध्यापनाचा प्रश्न त्यांच्या रचनेचाही प्रश्न झाला. या दोघांच्या बाबतीत शिकविणे हा कलेला पर्याय नव्हता. तो कलेचाच विस्तार होता.

महागामी आणि बिडकीन

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९९६ मध्ये महात्मा गांधी मिशनच्या परिसरात ‘महागामी’ गुरुकुल सुरू झाले. पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे कथक व ओडिसीचे शिक्षण दिले जाते. शार्ङ्गदेवाच्या नावाने होणाऱ्या समारोहात प्रयोगांच्या जोडीला शास्त्रचर्चाही होते. गुरूच्या सहवासात शिकणारा शिष्य गुरू कसा शिकवितो हेही पाहत असतो. परीक्षापद्धतीत राहिलेली उणीव येथे काही अंशी भरून निघते. मात्र असे शिक्षण दीर्घकाळ, सवड आणि कुटुंबाचा आधार मागते.

येथेच बिडकीनचा विचार करावा लागतो. पैठण रस्त्यावरील हे गाव शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर असून तेथे मोठे औद्योगिक क्षेत्र विकसित होत आहे. अशा गावातील मुलीला रोज शहरात जाऊन नृत्य शिकणे म्हणजे शाळा, बस आणि घराची परवानगी या तिन्हींचा मेळ घालणे होय. ती शिकून गावात वर्ग काढील, तर तेथील मुलांची ती पहिलीच शिक्षक ठरेल आणि तिच्या चुका दुरुस्त करणारे तेथे कोणी नसेल. स्नेहसंमेलनाची गाणी बसविताना तिचा स्वतःचा रियाजही मागे पडण्याचा धोका आहे.

विद्यापीठीय व्यवस्था आणि लोककलावंत

साहाय्यक प्राध्यापकपदासाठी सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवी व नेट/सेट ही अर्हता लागते. विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांचे शिक्षण वडील व चुलत्यांच्या तमाशाफडात झाले. अशा कलावतीला शासन गौरवू शकते, पण वर्गात नियमित स्थान देऊ शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद करून औपचारिक पदवीची अट शिथिल केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु किमान १५ वर्षांचा अनुभव, मंजूर पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत पाहता हा मार्ग अरुंदच राहतो. शिवाय फडातील वर्षांचा दाखला कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

समारोप

नृत्यशिक्षणाचे यश किती विद्यार्थी विशारद झाले यावर मोजणे अपुरे आहे. वरच्या परीक्षांत अध्यापनाचे प्रात्यक्षिक आणि शरीरविज्ञानाचा परिचय अनिवार्य करावा. महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनापुरते नृत्यशिक्षक बोलावण्याऐवजी परिसरातील शास्त्रीय, समकालीन व लोककलावंतांना सत्रभर मानधनावर निमंत्रित करावे. नवी पदे मंजूर होण्याची वाट न पाहता करता येण्याजोगे हे काम आहे. शार्ङ्गदेवाने ज्यांना एका अध्यायात एकत्र आणले, त्यांना त्याच्याच भूमीतील महाविद्यालयांनी एका वर्गात आणणे अशक्य नाही.