‘सहमत’ आणि ‘असहमत’ यांच्या पलीकडे : ऑनलाइन परीक्षा व वैद्यकीय विद्यार्थ्यांची भावना

करोनाच्या साथीत, २०२० पासून, ऑनलाइन परीक्षांविषयी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मन जाणून घेणाऱ्या प्रश्नावल्यांचे पीक आले. त्यांचा साचा ठरलेला असतो. एक विधान द्यावयाचे व त्यापुढे ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पायऱ्या मांडावयाच्या. रेन्सिस लिकर्ट याने १९३२ मध्ये पुरस्कारिलेली ही मापनश्रेणी गणिताला सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु भावना विचारावयाची आणि तिचे शब्दही आपणच पुरवावयाचे, ही विसंगती होय. धाकधूक, धास्ती, दडपण, हुरहूर यांतील कोणती छटा कोणत्या पायरीवर बसवावी?

त्याहून मोठा दोष ‘ऑनलाइन परीक्षा’ या संज्ञेतच आहे. घरी मोबाइलवर दिलेली अंतर्गत चाचणी आणि केंद्रावर संगणकासमोर बसून दिलेली पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी या दोहोंना एकच नाव मिळते. पहिलीत नेटवर्क तुटण्याची काळजी असते. दुसरीचे स्वरूप निराळे. तीत २०० प्रश्न असतात. २०२४ पासून त्यांचे ४० प्रश्नांचे पाच विभाग करून प्रत्येकास ४२ मिनिटे नेमून दिली आहेत. विभागाची वेळ संपली की मागे वळता येत नाही. शिवाय २३ जून २०२४ ची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली, तेव्हा परीक्षार्थींना जे वाटले असेल त्याचा पडद्याशी काही संबंध नव्हता. ते ‘असहमत’ या खुणेत कसे ओळखावे?

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील विद्यार्थ्याचा मार्ग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पदवीप्रवेशाची नीट त्याने उत्तरपत्रिकेतील वर्तुळे काळी करून दिलेली असते. लातूरच्या शिकवणीवर्गांनी तर या वर्तुळांचे शास्त्रच बनविले आहे. ती परीक्षा मराठीतून देण्याची मुभा असते, नीट-पीजी मात्र केवळ इंग्रजीत. या दोन पर्यायनिष्ठ परीक्षांच्या मधल्या वर्षांत तो दीर्घोत्तरे लिहितो, रुग्णाच्या खाटेशी उभा राहतो आणि तोंडी परीक्षेला सामोरा जातो.

तोंडी परीक्षेचा गौरव करण्यात मात्र सावध राहावयास हवे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची इंग्रजी तेथे अडखळते, परीक्षकाची मर्जी आडवी येऊ शकते. संगणकाला उच्चार ऐकू येत नाहीत. अशा विद्यार्थ्यास पडद्यासमोर सुटकेचा भाव वाटला, तर तो समजण्याजोगा आहे. प्रश्नावली त्यास बहुधा ‘समाधान’ म्हणेल, आणि तेथेच फसेल. कारण सुटका म्हणजे समाधान नव्हे.

तथापि तोंडी परीक्षेत एक शब्द असतो, जो पडद्यावर नाही : ‘म्हणजे’. चुकत चाललेले उत्तर विद्यार्थी ‘म्हणजे’ म्हणून सावरतो. इंग्रजीत बोलतानाही सावरण्याची ही वाट त्याला मोकळी असते. परीक्षकही प्रश्न फिरवून विचारतो. पर्यायावर टिचकी मारल्यानंतर उत्तर बदलता येते, पण स्पष्ट करता येत नाही. संगणकाविषयीच्या धास्तीचे मूळ यंत्रभयात शोधणारे हे विसरतात की, मोबाइलवर वाढलेल्या पिढीला यंत्राचे भय कशाला असेल? भय आहे ते आपले म्हणणे कोणी ऐकून घेणार नाही याचे.

वैद्यकाचा व्यवहार तर याच शब्दावर चालतो. पडद्यावरील रुग्ण इंग्रजीत, वाक्यरचना निर्दोष ठेवून, वय व लक्षणे क्रमाने सांगत येतो. नांदेड-लातूरच्या बाह्यरुग्ण विभागात आलेली बाई तेवढे सांगत नाही. ‘पोटात दुखतंय’ एवढेच ती म्हणते. कळ, चमक, ठणका, मुरडा, आग यांपैकी नेमके काय, हे काढून घेण्यासाठी तरुण डॉक्टरला विचारावे लागते : ‘दुखतंय म्हणजे कसं, मावशी?’